ईस्टरच्या पहाटे टेम्पोतून

आमच्या शेजारचे अण्णा दरवर्षी गुड फ्रायडेच्या सकाळी कुंपणापलीकडून हात हलवतात आणि मोठ्यांदा म्हणतात, "हॅपी गुड फ्रायडे, सर!"

अण्णा लिंगायत, मूळचे मैंदर्गीचे. सोलापुरात त्यांचं धान्याचं दुकान आहे. 'सर' म्हणजे माझे सासरे, गणिताचे निवृत्त शिक्षक. आमच्या घरी त्या दिवशी उपवास असतो, टीव्ही बंद असतो, बोलणंसुद्धा हळू आवाजात. सासऱ्यांनी अण्णांना कितीदा तरी सांगून पाहिलंय की हा आमचा दुःखाचा दिवस, आज प्रभूला वधस्तंभावर खिळलं.

"मग गुड कशाला म्हनता?" अण्णा विचारतात.

सासऱ्यांकडे याचं उत्तर आहे, पण ते एवढं लांबतं की मधेच अण्णांची दुकान उघडायची वेळ होते.

गेल्या वर्षी मात्र सासऱ्यांनी नुसता हात वर केला आणि ते आत गेले. दिवाळीच्या सुमारास माझ्या सासूबाई वारल्या होत्या. तेव्हापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असायचे. जेवायला हाक मारली की यायचे, विचारलं तेवढंच बोलायचे. गुडघ्यानं दगा दिल्याचं निमित्त होतं, पण बोलायला काही गुडघा लागत नाही.

ईस्टरच्या पहाटे आमच्या चर्चच्या मंडळीची उपासना कबरस्तानात होते. माझे यजमान कमिटीवर असल्यामुळे सतरंज्या, स्पीकर आणि मेणबत्त्या घेऊन ते गाडीनं आधीच गेले होते. सासऱ्यांना मी रिक्षानं आणायचं ठरलं होतं. रिक्षावाल्यानं आदल्या दिवशी छातीवर हात ठेवून कबूल केलं होतं. पहाटे त्याचा फोन बंद.

सासरे पांढराशुभ्र शर्ट घालून ओट्यावर बसले होते. मांडीवर सासूबाईंच्या कबरीसाठी केलेला निशिगंधाचा क्रूस. "राहू दे," ते म्हणाले, "पुढच्या वर्षी जाऊ."

तेवढ्यात अण्णांनी मार्केट यार्डात जायला टेम्पो बाहेर काढला. आम्हाला बघून थांबले. "कुटं जायचंय वैनी?"

"कबरस्तानात."

अण्णांचा चेहरा पडला. "कोन गेलं?"

"कोणी नाही हो, आज ईस्टर. प्रभू कबरेतून उठला तो दिवस. पहाटे बायका कबरेपाशी गेल्या तर कबर रिकामी होती. म्हणून आम्हीही पहाटे तिथंच जमतो. आनंदाचा दिवस असतो."

अण्णांनी विचार केला. "म्हंजे दुक्काच्या दिवसाचं नाव गुड, आनि आनंदाचा कार्यक्रम कबरस्तानात. तुमचं समदं उलटंच हाय की! चला, बसा."

बसा म्हणणं सोपं. सासऱ्यांचा गुडघा पुढच्या पायरीवर चढेना. शेवटी अण्णांनी मागचं फळकूट पाडलं, रिकाम्या पोत्यांवर दुकानात न्यायला काढलेली गादी टाकली आणि आम्ही दोघांनी सासऱ्यांना वर घेतलं. पाय दुमडत नव्हता, म्हणून ते सरळ आडवे झाले. पोत्यांतून ज्वारीची धूळ उडाली, त्यांना शिंका आल्या. अण्णांनी गादीबरोबरची धुतलेली पांढरी चादर दिली, ती त्यांनी डोक्यावरून ओढून घेतली. फुलांचा क्रूस चुरगळू नये म्हणून मी तो त्यांच्या छातीवर ठेवला. मी शेजारी बसले. वाऱ्यानं केस उडत होते म्हणून डोक्यावरून पदर घेतला. धुळीनं डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसत राहिले. आपण कसे दिसतोय, हे तेव्हा माझ्या अजिबात लक्षात आलं नाही.

चहा घेतल्याशिवाय अण्णांचा दिवस सुरू होत नाही. सात रस्ता चौकात एका टपरीपाशी त्यांनी टेम्पो थांबवला. बाकावर चारपाच माणसं होती. त्यांनी टेम्पोत बघितलं आणि एकेक करून उठून उभी राहिली. एकानं टोपी काढली. फुलांची पाटी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली आणि तिनं हात जोडले.

चहावाल्यानं आवाज खाली आणून अण्णांना विचारलं, "कुटं न्यायचंय?"

"कबरस्तानात," अण्णा चहात फुंकर मारत म्हणाले.

"अरारा. वय काय हुतं?"

"ब्याऐंशी असंल."

"आनि काय झालतं?"

"गुडघा."

चहावाला गोंधळला. "गुडघ्यानं?"

"व्हय, लई दिवसांचा तरास."

"पर गुडघ्यानं मानूस जातंय व्हय?"

"जात न्हाई म्हनून तर टेम्पो काढला की!"

चादरीखालून खणखणीत आवाज आला, "त्र्याऐंशी!"

आणि सासरे उठून बसले. वर्गात चुकीचं उत्तर आलं की ते असंच म्हणायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी सांगतात. "त्र्याऐंशी जानेवारीत पूर्ण झाली, अण्णा!"

चहावाल्याच्या हातातला ग्लास खाली पडून फुटला. टोपी काढलेला माणूस थेट रस्त्याच्या पलीकडं दिसला. म्हातारी पाटीसकट मटकन खाली बसली आणि "देवा, देवा" करायला लागली.

सासरे चष्मा चाचपडत म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

"तुम्ही, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी चादरीकडे बघितलं, फुलांकडे बघितलं, माझ्या पदराकडे बघितलं. मग हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. दिवाळीनंतर तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आधी मी, मग अण्णा, मग चहावाला, सगळेच हसत सुटलो.

"म्हातारं उठलं की!" चहावाला सगळ्यांना सांगू लागला.

"मी नाही रे बाबा," सासरे डोळे पुसत म्हणाले, "प्रभू उठला. मी त्याच्याच कार्यक्रमाला चाललोय."

आम्ही पोचलो तेव्हा निम्मी उपासना झाली होती. कबरींच्या मधल्या सतरंज्यांवर मंडळी बसली होती. मेणबत्त्या अजून जळत होत्या, पण उजाडू लागलं होतं. तरुण पाळकसाहेब आजच्या काळात विश्वासणाऱ्यांसाठी पुनरुत्थानाचा अर्थ काय यावर बोलत होते. त्यांचे तीन मुद्दे होते. दुसऱ्या मुद्द्याला सासऱ्यांना पुन्हा हसू आलं. यजमानांनी वळून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच त्यांना काही पाजून आणलं होतं.

शेवटी मंडळीतल्या वडीलधाऱ्यानं "प्रभू उठला आहे!" अशी आरोळी द्यायची पद्धत आहे. कित्येक वर्षं हा मान सासऱ्यांचा. यंदा जमणार नाही, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. पण वेळ आली तशी त्यांनी काठी टेकली, उठले आणि ओरडले. आवाज मधे चिरकला. सगळ्यांनी उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" आणि सगळ्यांच्या मागून, फाटकाजवळ चपला काढून उभ्या असलेल्या अण्णांचा आवाज आला, "उठला की!"

नंतर सासरे सासूबाईंच्या कबरीपाशी खुर्ची टाकून बसले. फुलं ठेवली आणि सात रस्त्याची सगळी हकीकत त्यांना चहावाल्याच्या आवाजात सांगितली. अण्णा शेजारी उभे होते. थोड्या वेळानं त्यांनी गंभीरपणे विचारलं, "सर, खरंच उठतील व्हय ही समदी?"

सासऱ्यांनी क्रूसावरचं एक फूल नीट केलं. मग म्हणाले, "अण्णा, रोज सकाळी तिचा रिकामा पलंग दिसतो. प्रार्थना करतो, पण खरं वाटत नाही. आज वाटतंय."

"आजच कसं?"

"ते मांडून दाखवता येत नाही मला."

अण्णांनी मान डोलावली. "आमच्यातबी पुरत्यात. बसवून."

"बसवून?" सासऱ्यांनी त्यांच्याकडे कौतुकानं बघितलं. "मग उठायला सोपं जाईल तुम्हाला."

अण्णा एवढ्या जोरात हसले की पाळकसाहेब लांबून बघू लागले. मी तोंडावर पदर धरला. इतकी वर्षं मी ईस्टरची प्रवचनं ऐकत आले, चांगली होती तीही. पण त्यांतलं माझ्या लक्षात फार थोडं राहिलंय. कबरीपाशी बसून माझे सासरे हसत होते आणि त्यांची बायको ते ऐकतेय याची त्यांना खात्री होती, हे मात्र मी विसरणार नाही.

घरी आलो तर अण्णांच्या दारात त्यांच्या पत्नी अक्का बादली घेऊन उभ्या. "कबरस्तानातनं आलाय. आंगुळीबिगर आत पाऊल टाकू नका."

"अगं, कोन बी मेलं न्हाई!"

"मग गेलता कशाला?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं आणि बादली उचलली. आंघोळ करून पायरीवर बसून त्यांनी अक्कांना सगळं कानडीत सांगितलं. मला कानडी येत नाही. अक्का आधी कपाळावर हात मारून घेत होत्या, मग पोट धरून हसत होत्या, मधे एकदा त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

ईस्टरला आम्ही रंगवलेली अंडी वाटतो, पण ते अंडी खात नाहीत, म्हणून मी त्यांच्यासाठी नारळाच्या वड्या केल्या होत्या. ताटली द्यायला कुंपणापाशी गेले तेव्हा अक्का हळूच म्हणाल्या, "वैनी, फुडल्या वर्षी आदी सांगा. मीबी येते. दोगांच्या आंगुळीचं पानी भरूनच ठेवते."