मी न पाठवलेल्या तक्रारी

नवी सिस्टीम येणार हे सांगताना आमचे मॅनेजर तीनदा म्हणाले, "काळजी करू नका." मी मोजलं. ज्याला खरंच काळजीचं काही वाटत नाही, तो एकदा म्हणून मोकळा होतो. माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

मला जन्मापासून दिसत नाही. बंगळूरला, महादेवपुऱ्यातल्या एका कंपनीत मी पाणी शुद्ध करायच्या मशीनच्या तक्रारी घेते. गिऱ्हाईक वेबसाइटवर तक्रार लिहितं, ती आमच्या यादीत येते, आम्ही ती वाचून फोन करायचा, बोलणी खायची आणि मेकॅनिक पाठवायचा. मराठी यादीला आम्ही दोघीच. मी निपाणीकडची, आणि शेजारच्या खुर्चीवर ती, नागपूरची. माझ्या कॉम्प्युटरवर स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. ते कानात इतक्या वेगानं बोलतं की दुसऱ्या कुणी हेडफोन लावला तर त्याला वाटतं, मशीन बिघडलं. मॉनिटर मी बंदच ठेवते. मला त्याचा उपयोग नाही, आणि मागं उभं राहून वाचणाऱ्यांची सोय मी कशाला करू?

जुन्या सिस्टीमवर मी सहा वर्षं काढली होती. दिसायला ती भिकार होती म्हणे. मला काय त्याचं? माझ्या बोटांना ती पाठ होती. एच दाबलं की पुढच्या तक्रारीचा मथळा, दोनदा टॅब की फोन नंबर. यादी अशी एच-एच करत चाळायची, तातडीची दिसली की थांबायचं. दिवसाला चाळीस तक्रारी मी सहज संपवायचे, आणि त्या मजल्यावर चाळीस कुणालाच जमत नव्हत्या. हे मी मुद्दाम सांगते आहे.

नवी सिस्टीम शिकवायला आलेला माणूस गोड बोलणारा होता. "ही हिरवी पट्टी दिसते ना, तिच्यावर क्लिक केलं की सगळं आपोआप होतं." मी म्हटलं, "हिरवी पट्टी मला कुठून दिसणार?" मग तो म्हणाला की तुमचं सॉफ्टवेअर पण चालेल, टेस्टिंग झालंय. कुणी केलं टेस्टिंग, विचारल्यावर त्यानं पुढची पट्टी दाखवायला घेतली. आपोआप होणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास नाही. आपोआप काही होत नसतं, कुणीतरी करत असतं.

पहिल्या आठवड्यात माझा आकडा बावीसवर आला. दुसऱ्यात अठरा. विचित्र म्हणजे माझ्या वाट्याची यादी मात्र झपाट्यानं संपायची. सकाळी पस्तीस तक्रारी असत, मी एकदा चाळून परत वर गेले की दहासुद्धा उरलेल्या नसत. गेल्या कुठं? मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, या महिनाअखेरपर्यंत आपण बघू. हवं तर खाली रिसेप्शनला जागा आहे. फक्त फोन उचलायचे. तुम्हाला कम्फर्टेबल जाईल."

मला ते कम्फर्टेबल चांगलंच समजलं. सहा वर्षांपूर्वी याच कंपनीनं मला रिसेप्शनच देऊ केलं होतं आणि मी भांडून ही खुर्ची मिळवली होती. ती सोडायची नव्हती मला. मेले तरी नाही.

मग मी कान टवकारले. शेजारच्या की-बोर्डचा आवाज दिवसभर थांबत नव्हता. आधी ती मधूनमधून गप्पा मारायची, तेही बंद. विचारलं तर म्हणायची, "काही नाही गं, काम आहे थोडं." दुपारी डबा उघडला की माझ्या ताटलीत आधी वाढायची, ते चालूच होतं, पण बोलणं मोजकं. आणि एका संध्याकाळी कंपनीच्या कॅबचा ड्रायव्हर मला म्हणाला, "अक्का, तुमची मैत्रीण आता साडेपाचच्या गाडीला येत नाही. रोज सातच्या गाडीला असते." चामराजपेटला माझं घर येईपर्यंत मी हेच घोळवत बसले. उशिरापर्यंत बसते, मला सांगत नाही, आणि यादीतल्या तक्रारी गायब होतात. मराठी यादीला आम्ही दोघीच. दोनात दोन मिळवायला डोळे लागत नाहीत.

मला रडू आलं, पण त्याहून राग जास्त आला. तीन वर्षं हिच्या डब्यातलं खाल्लं मी. वर हीच रस्ता ओलांडताना माझा हात धरते, आणि हीच माझ्या ताटातलं काम ओढून घेते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅनेजरच्या केबिनमध्ये लॅपटॉप घेऊन गेले आणि तिलाही बोलावून घेतलं. म्हटलं, "माझ्या तक्रारी कुणीतरी उचलतंय. समोरासमोर होऊन जाऊ दे."

"कोण उचलतंय?" तिनं विचारलं.

"ते तूच सांग की."

मॅनेजर म्हणाले, प्रत्येक तक्रारीचा इतिहास सिस्टीममध्ये असतो, मी बघून सांगतो. मी म्हटलं, तुम्ही नको, मीच वाचणार. त्यांच्यावरही माझा भरवसा नव्हता. मी हेडफोनची पिन काढली, वेग कमी केला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका मोठा केला. माझं मशीन मी असं चारचौघांत कधीच बोलू दिलं नव्हतं.

कालच्या पहिल्या तक्रारीचा इतिहास उघडला. मशीन म्हणालं, दुसऱ्याकडे सोपवली, सोपवणारी व्यक्ती, आणि माझं नाव. दुसरी उघडली. माझं नाव. तिसरी, चौथी, सातवी. ते सॉफ्टवेअर माझं नाव इंग्रजी वळणानं वेडंवाकडं घेतं, पण कळायला कुणालाच अडचण नव्हती. अकराव्या वेळी मी थांबले.

"मी नाही पाठवल्या," मी म्हटलं. "खरंच नाही. हे बघा, मी रोज अशीच यादी चाळते." मी आजची यादी उघडली आणि सवयीनं एच दाबलं. मशीननं पुढच्या तक्रारीचा मथळा वाचला. रोजच्यासारखाच.

"थांब," ती म्हणाली. "आत्ता काय दाबलंस तू? माझ्या फोनवर मेसेज आला. ती तक्रार माझ्याकडे आली."

मी पुन्हा दाबलं. तिचा फोन पुन्हा वाजला.

नव्या सिस्टीमनं एच हे बटण वेगळ्याच कामाला लावलं होतं. ते दाबलं की समोरची तक्रार त्या भाषेच्या दुसऱ्या माणसाकडे जायची आणि तिच्या जागी पुढची यायची. पुढची आली की माझं सॉफ्टवेअर तिचा मथळा वाचायचं, आणि मला वाटायचं, मी एक पाऊल पुढं सरकले. बटण माझ्या सॉफ्टवेअरकडं न जाता थेट पानाकडं जाणार असेल तर ते आधी बारीकसं टिक वाजवून सांगतं. तो टिक मी सहा वर्षांपूर्वी, जुन्या सिस्टीमवर कटकट नको म्हणून, माझ्या हातानं बंद केला होता.

मी तिच्याकडे तोंड वळवलं. "इतक्या तक्रारी येत होत्या, तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू बाप्पा?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुला नवीन जमून नाही राहिलं, म्हणून तू गुपचूप पाठवते. तुला वाईट वाटू नये म्हणून सातपर्यंत बसून करत होते मी. आणि तू मला चोर म्हणते?"

ती उठून गेली. दार तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्या बटणाचं काम दोन दिवसांत बंद करून मिळालं. टिक मी पुन्हा चालू केला. माझा आकडा पस्तीसपर्यंत चढला आणि रिसेप्शनचं नाव पुन्हा निघालं नाही. मी तिची माफी मागितली, दोनदा. ती "असू दे" म्हणाली, दोन्ही वेळा. डबा मात्र ती दुसऱ्या टेबलावर जाऊन खाऊ लागली. मी तिला चोर समजले, याची मला लाज वाटते. पण मला जमत नाही असं तिनं परस्पर ठरवून टाकलं आणि विचारलंही नाही, याचा रागही माझ्या मनातून गेलेला नाही. दोन्ही खरं आहे.

तीन आठवड्यांनी एका सोमवारी माझ्या यादीत एक तक्रार वाढली. इतिहास उघडला. सोपवणारी व्यक्ती, तिचं नाव. खाली तिनं लिहिलं होतं, 'बाई तुमच्या निपाणीकडची आहे. तीन वेळा फोन केला, माझ्यावर फक्त ओरडते. माझ्याच्यानं नाही होत. तू घे.'

मी ते तीनदा ऐकलं, त्यात कुठं दया आहे का ते शोधत. सापडली नाही. शेजारचा की-बोर्ड थांबला होता. मी हेडफोन नीट बसवला आणि बाईला फोन लावला.