मागायचं ते जित्यांसाठी

आमची पोस्ट चौदा हजार फुटांवर होती. नाव सांगत नाही. सांगायची परवानगी नाही, आणि सांगितलं तरी तुम्हाला कळणार नाही. मी तेव्हा नायब सुभेदार, प्लाटूनचा जेसीओ. गाव फुलंब्रीच्या अलीकडं, घर बौद्ध. आमची बटालियन बहुतेक मराठी पोरांची.

रविवारी साडेसातला मंदिर परेड. मंदिर म्हणजे पत्र्याची एक खोली. फळीवर गणपती, बुद्ध, लाकडी क्रूस आणि एक घडी केलेली हिरवी चादर. बटालियनचे पंडितजी खाली हेडक्वार्टरला, म्हणून परेड माझ्या गळ्यात. देव न मानणाऱ्या माणसाला देवाची ड्युटी. फौजेत असं चालतं. हजेरी सगळ्यांना सक्तीची. पंधरा मिनिटं. आरती, मग ज्याचं त्याचं दोन मिनिटं, शेवटी जयकारा आणि चहा.

नायक योहान शिरसाठ आमच्यातला एकटा ख्रिस्ती. पिशोरच्या अंगाला त्याची वस्ती, वस्तीत वीस-पंचवीस माणसांचं चर्च. त्याची प्रार्थना ऐकून पहिल्या रविवारी मी चक्रावलोच. स्वतःसाठी एक शब्द नाही. राष्ट्रपतींना सुबुद्धी दे. पंतप्रधानांना सुबुद्धी दे. मुख्यमंत्री, न्यायाधीश, कलेक्टर, सीओ साहेब, कंपनी कमांडर, अशी वरून खालपर्यंत यादी. सगळ्यात खाली क्वार्टरमास्टर. तिथं पोरं हमखास हसायची. "योहान, क्वार्टरमास्टरसाठी दोनदा माग रं, डाळ लई पातळ येतीय."

मी एकदा त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, "अरे, त्या लोकांना खुर्ची घटनेनं दिली, देवानं नाही. सुबुद्धी पाहिजे असंल तर मतदानाला जा."

"जातो की साहेब. पण ते पाच वर्षांनी. हे दर रविवारी करता येतं."

"त्यांना माहीत तरी आहे का तू आहेस म्हणून?"

"नाय ना. म्हणूनच तर सांगावं लागतं."

मी म्हटलं, चहा घे जा.

मग एके दिवशी गस्त होती, लिंक पेट्रोल. म्हणजे आपल्या पोस्टवरून निघायचं, पुढच्या पोस्टच्या माणसांना अर्ध्या वाटेत भेटायचं आणि परत. नऊ माणसं, मी कमांडर. सहा वीसला निघायचं. सहा वाजता पहिला स्काउट, म्हणजे सगळ्यात पुढं चालणारा, डोकं धरून बसला. उंचीवर अशी डोकेदुखी खोटी समजायची नसते. त्याला मागं ठेवलं. योहान आदल्या दिवशीच दुसरं पेट्रोल करून आला होता, त्याची पाळी नव्हती. पण वाट त्याच्याइतकी कुणाला माहीत नव्हती.

मी म्हटलं, "शिरसाठ, पुढं तू."

"जी साहेब."

एवढंच बोलणं झालं. तो पुढं, मी तिसरा.

आठ चाळीसला उतारावरचा बर्फ सुटला. आवाज फार मोठा नव्हता. माझ्या पुढचा जवान कमरेपर्यंत गाडला गेला, तो निघाला. त्याच्या पुढं कुणी नव्हतं. मी वायरलेस सेट हातात घेतला.

"बर्फ सुटला. एक माणूस खाली. ओव्हर."

पोस्टवरून विचारलं, "कोण? ओव्हर."

"शिरसाठ. ओव्हर."

सेटवर लगेच उत्तर, "खणत राहा. पार्टी निघाली. आउट."

आम्ही फावड्यांनी खणलं, मग हातांनी. नऊ पंचवीसला सापडला. मी त्याच्या छातीवर दाब देत राहिलो, दहाला डॉक्टर साहेब आले आणि त्यांनी माझा हात धरून बाजूला केला. मी त्यांच्यावर ओरडलो म्हणतात. मला आठवत नाही.

पार्थिवासोबत एस्कॉर्ट म्हणून मीच आलो. मीच मागून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी विमान चिकलठाण्याला उतरलं, तिथून फौजी गाडीनं फुलंब्रीवरून वस्तीकडं. माझ्या स्वतःच्या गावाचा फाटा गेला तेव्हा मी खाली बघत बसलो.

योहानची आई मार्थाबाई. बाप आधीच गेलेला, लग्न झालेलं नव्हतं, घरात ती एकटीच. बाई रडून रडून कोरडी झाली होती. पेटी अंगणात ठेवली. तिनं पेटीवर हात ठेवला आणि मला विचारलं, "दादा, पुढं कोन व्हतं?"

"योहान."

"त्याची पाळी व्हती?"

खोटं बोलता आलं असतं. सगळे बोलतात, आणि वाईट हेतूनं बोलतात असं नाही. माझ्यानं बोलवलं नाही.

"नाही मावशी. मी पाठवला."

ती पेटीवरची धूळ पदरानं पुसत बसली. मला वाटलं, बाईनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

चर्चच्या आवारात खड्डा तयार होता. मंडप, माईक, खुर्च्या सगळं होतं. निवडणूक लागलेली, त्यामुळं पहिल्या रांगेत दोन पक्षांचे दोन उमेदवार, मधे एक खुर्ची मोकळी ठेवून. कार्यक्रमाचा कागद तहसील कचेरीतून आलेल्या सरकारी साहेबांनी माझ्या सांगण्यावरून केला होता. पुष्पचक्र, मग "मृतात्म्यास शांती मिळावी म्हणून ख्रिस्ती प्रार्थना, दोन मिनिटं", मग सलामी आणि तीन फैरी. प्रार्थनेची ओळ मीच घालायला लावली होती. मला वाटत होतं, पोरासाठी एवढं तरी मी केलं.

मार्थाबाईनं कागद वाचला. "हे कोनी लिवलं?"

"मी."

"दादा, आमच्या चर्चात मेलेल्यासाठी मागत नाहीत. तो पोचला त्याच्या देवाकडं. त्याला आता काय कमी हाय? मागायचं ते जित्यांसाठी."

सरकारी साहेब पुढं आले. "जित्यांसाठी म्हणजे कुणासाठी?"

"राज्य करनाऱ्यांसाठी. दर रविवारी मागतो आमी. योहान बी मागायचा."

साहेबांच्या कपाळाला घाम आला. "अहो मावशी, आचारसंहिता लागलीय! माईकवर एकाचं नाव घेतलं की दुसरा तक्रार करणार. उत्तर मला द्यावं लागतं. शांतीचं बोला ना, सगळीकडं तेच बोलतात."

"नावं नाय घेत. हुद्दे घेते."

शहरातून आलेले पास्टर माझ्याकडं बघायला लागले. तरुण माणूस, घाबरलेला. मला हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही उद्या परत जाल. आम्हाला इथंच राहायचंय. आमची प्रार्थना माईकवर झाली की कुणाला काय वाटंल, सांगता येत नाही. दोन ओळी म्हणतो आणि आटोपतो."

मला त्याचा राग आला नाही. मी नुसता थकलो होतो. एका पोराला मातीत ठेवायचं, त्यालाही कुणाकुणाची भीती बाळगायची. मी साहेबांना म्हटलं, "सर, परेड माझ्या हातात आहे. ह्या माउलीचं बोलून झाल्याशिवाय सलामी होणार नाही आणि फैरी झडणार नाहीत. माझ्या नावानं लिहा काय लिहायचं ते."

साहेब घड्याळाकडं बघत मागं सरकले. मार्थाबाई माईकजवळ गेली. मी सावधानमधे उभा होतो. खरं सांगतो, गोळीबारात मला एवढी भीती वाटली नव्हती. बाईच्या हातात माईक होता आणि तिला सगळं माहीत होतं.

"हे बापा," ती म्हणाली, "राष्ट्रपतींना सुबुद्धी दे. पंतप्रधानांना दे, मुख्यमंत्र्यांना दे. ज्यांच्या सहीनं पोरं तिकडं वर जात्यात, त्यांना सही करताना पोरांचे चेहरे दिसू दे. हितं समोर बसलेत त्यातला जो निवडून येईल त्याला बुद्धी दे, आन जो पडंल त्याला बी दे."

मागं कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं. दोन्ही उमेदवार मान खाली घालून बसले होते.

"आन ह्यो दादा, उत्तम खरात." माझं नाव तिनं अंगणात कुणाला तरी विचारून घेतलं असणार. "त्यानं माझ्यापशी खरं सांगितलं. परत कधी पुढं कोन जाईल हे त्याला ठरवावं लागंल. तवा त्याचा हात कापू देऊ नको. त्याला झोप लागू दे. आमेन."

गावातल्या सगळ्या जातीधर्माच्या माणसांनी आमेन म्हटलं. ज्यांना म्हणायचं असतं हे ठाऊक नव्हतं, त्यांनीही म्हटलं. मी 'शोक शस्त्र'ची, म्हणजे बंदुका उलट्या धरायची, ऑर्डर दिली. बारा दहाला तीन फैरी झडल्या. तिरंग्याची घडी मी तिच्या हातात दिली.

आता मी रिटायर आहे. चिकलठाण्यात एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर. कॉलनीत झेंडावंदनाआधी प्रार्थना घ्यायची का, घेतली तर कुणाची, यावर परवा दोन तास भांडण झालं. मला विचारलं, "सुभेदार साहेब, तुम्ही सांगा." मी म्हटलं, ज्याला मागायचंय त्याला मागू द्या, फक्त कुणासाठी मागतो ते नीट ऐका. कुणी ऐकलं नाही. मी चप्पल घालून घरी आलो.

महिन्यातनं एखाद्या रविवारी मी वस्तीवर जातो. मागच्या बाकावर बसतो. डोळे मिटत नाही, हात जोडत नाही. मार्थाबाई आता थकली, बसूनच यादी म्हणते. राष्ट्रपतींपासून सरपंचापर्यंत, आणि सरपंचानंतर उत्तम खरात. इतकी वर्षं झाली, वस्तीतले सांगतात, एकाही रविवारी तिनं मला वगळलं नाही. सगळ्या देशाची नावं होतात. योहानचं होत नाही. तो त्या यादीत बसत नाही, त्यांच्यात तसा रिवाजच नाही.

मग चर्च सुटलं की मी मागं आवारात जातो, त्याच्याजवळ उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, "नायक योहान शिरसाठ." एवढंच. मागच्या वेळी मार्थाबाई काठी टेकत आली आणि म्हणाली, "दादा, किती येळा सांगू तुला. त्याला नाय रं आता गरज."

म्हटलं, "नसंल मावशी. मला हाय."