नसांच्या डॉक्टरकडचं बाकडं

नसांच्या डॉक्टरकडं नंबर लागेपर्यंत माणूस करणार काय? टीव्ही बंद, मोबाईलला रेंज नाही. मग बाकड्यावरचे लोक एकमेकांची दुखणी ऐकतात. साकोलीच्या त्या बाकड्यावर मी दर आठवड्याला बसते. किस्से असे साचलेत, की कोणाला सांगितल्याशिवाय घास उतरत नाही!

जायचं कारण मात्र हसण्यासारखं नाही. माझ्या सासूला, आत्याबाईंना, लकवा मारला. हातपाय सुधारले, वाचा गेली. डॉक्टर त्याला 'अफेजिया' म्हणतो. शब्द डोक्यात आहेत, बाहेर यायची वाट बुजली. ज्या बाईनं लग्नापासून मला एक दिवस सुखानं चूल पेटवू दिली नाही, ती मुकी! वाटलं, आता कान निवतील. कसले निवतात? घर खायला उठलं. म्हणून नेते. बोलू दे बाप्पा, मला शिव्या का देईना!

तर, त्या बाकड्यावर मान रोगाच्या नावावर मिळतो. नुसतं 'डोकं दुखते' म्हटलं, तर कोणी सरकत नाही. एक दुकानवाली शेठाणी सगळ्यांना आपलं मायग्रेन ऐकवत होती. शेजारी एक बुढी गालाला पदर लावून गप्प.

शेठाणीनं विचारलं, "तुमाले काय झालं जी?"

बुढी एका दमात म्हणाली, "ट्रायजेमिनल न्यूराल्जिया!"

शेठाणी उठून उभीच! "बसा माय, इथं पंख्याखाली बसा!"

"पंखा नोको व, हवेनंच तं गाल पेटते. तू पंखा बंद कर, तुहा मान पावला!"

एकदा वरठीच्या कारखान्यातला एक गडी समोर येऊन बसला. तोंड एका बाजूला वाकडं. बसल्या बसल्या माझ्याकडं बघून एक डोळा मिटला. मी दुर्लक्ष केलं. मग त्यानं सिटी मारली!

मी उठले. "काहून रे? घरी मायबहिणी नाहीत काय?"

गडी हात जोडून म्हणे, "मावशी, डॉक्टरनंच सांगतलं! माह्या तोंडाच्या सातव्या नसेचा व्यायाम हाय!"

डॉक्टरनं आतून 'खरं आहे' म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "नस सातवी असो का आठवी, तोंड भिंतीकडं करून सिटी मार!"

आंबागडचा एक म्हातारा शेतकरी होता, त्याचे पाय बधिर पडत. डॉक्टरनं गुडघ्यावर हातोडी मारली, पाय उडाला आणि डॉक्टरला लागला. म्हातारा खुर्चीतून उतरला, डॉक्टरच्या पाया पडला, परत बसला. दुसऱ्यांदा हातोडी, पुन्हा लात, पुन्हा नमस्कार!

"बाबा, हा रिफ्लेक्स आहे. पाय आपोआप उडतो."

"उडते तं उडते जी, पण लात तं माहीच हाय न!"

शेवटी डॉक्टरच बाजूला उभा राहून हातोडी मारू लागला.

चपलांचा दिवस तर विसरतच नाही. कॉलेजातल्या एका पोरीला बाकड्यावरच फिट आली. आमच्याकडं मिरगी म्हटली की चप्पल हुंगवतात. पण चपला दाराबाहेर! अख्खं बाकडं बाहेर पळालं, मीही. आत कंपाउंडर एकटा. त्यानं पोरीला कुशीवर केलं, डोक्याखाली स्वतःचा रुमाल दिला. आम्ही हातात चपला घेऊन परतलो तोवर पोरगी शुद्धीवर. सगळीकडं बघून म्हणाली, "माही चप्पल कोणाजवळ हाय?"

आत्याबाईंचं मात्र पुढं सरकेना. वाचा शिकवणारी ताई वस्तू दाखवायची. फणी, पेला, चावी एवढं ओढूनताणून यायचं. माणसाचं नाव एकही नाही, माझंसुद्धा नाही. मग ताई माझ्या सासऱ्यांकडं, मामाजींकडं बोट करायची. "आजी, आजोबांचं नाव काय?" आत्याबाई भिंतीकडं बघायच्या. मी सांगितलं, "बाई, उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नाही." ताई म्हणे, "पण येत नाही की घेत नाहीत, हे कळायला हवं ना!" ते आम्हालाही कळत नव्हतं. मामाजी हळूच म्हणायचे, "घे न व, कोणी आयकत नाही." आत्याबाई पदर पुढं ओढायच्या.

परवा मामाजी नंबर लागेपर्यंत तंबाखू-सुपारीचा खर्रा आणायला दवाखान्यासमोरच्या हायवेपलीकडं टपरीवर गेले. येताना मान खाली, तळहातावर खर्रा घोटत रस्त्यावर उतरले. तिकडून ट्रक! माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात बाजूला आत्याबाई दाराची चौकट धरून उठल्या.

"दामोदर! मांगं हट!"

मामाजी जागीच थबकले, मग मागं सरले. ट्रक धूळ उडवत गेला. वाचा शिकवणारी ताई आतून धावत आली. आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला आणि खाली बसल्या.

मामाजी रस्ता ओलांडून आले. टोपी सरळ केली, आत्याबाईंकडं नीट पाहिलं आणि ताईला म्हणाले, "म्याडम, हिले आधी आत घ्या. हिच्या डोक्यात आता खरंच काहीतरी बिघडलं हाय!"