जरा सरकून घ्या

सौदीतल्या रास तनुरा गावी आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रिफायनरीतले एक इंजिनियर राहतात. कुणाचाही कॉम्प्युटर अडला की शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी तेच येतात, आणि पंगतीत पाहुण्यांना बसवावं तसे मशीनशी बोलतात.

पन्नाशीत मला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम शिकायची हौस आली. विंडोजच्या शेजारी ते मी बसवलंही, पण जागा इतकी कमी दिली की साधं अपडेट मावेना.

"विंडोजला म्हणू, जरा सरकून घ्या, नवा पाहुणा आलाय," ते म्हणाले. "पण सरकवताना मध्येच काही बिघडलं तर सगळं जाईल हां. बॅकअप आहे ना?"

मी छताकडे बघितलं. विंडोजच्या बाजूला लेकीच्या लहानपणाचे सगळे फोटो होते, आणि दुसरीकडे कुठेच नव्हते.

"यांचा बॅकअप म्हणजे मी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

इंजिनियरांनी खिशातून स्वतःची हार्डडिस्क काढली. ती जुन्या क्रिकेट सामन्यांनी गच्च भरलेली होती. लिफ्टमध्ये मला चेंडूगणिक ऐकवतात, तेच सामने. त्यांनी त्यातलं बरंच काही पुसलं, आमचे फोटो तिथे उतरवले आणि मगच पार्टिशनला, म्हणजे डिस्कवरच्या जागेच्या वाटणीला, हात घातला. पडद्यावरची पट्टी पूर्ण भरेपर्यंत त्यांनी ना चहा घेतला, ना मला कीबोर्डजवळ येऊ दिलं.

काम नीट झालं. फोटो जागेवर होते. तेव्हा कुठे बायकोच्या लक्षात आलं.

"अहो भावजी, तुमच्या मॅचेस पुसल्यात?"

"निकाल माहीत होते, वहिनी," ते म्हणाले, आणि गार चहा एका घोटात संपवला.