सहाचे अकरा

नोकरीत मी अनेकांना उगाच दम दिला असेल. ते सगळे आता आठवतही नाहीत. पण एका नर्सबाईंना मी अकरा दिवस आत ठेवले आणि त्या खरे बोलत होत्या, हे काही केल्या विसरता येत नाही. इथे कुणाचे नाव घेणार नाही. माझी चूक मात्र पूर्ण सांगणार आहे.

तेव्हा मी माजलगावच्या बाजूला एका ठाण्याचा प्रभारी होतो. ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. सकाळी ठाणे अंमलदाराने खबर दिली की फडात एक बाई कोसळली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपली. वय तिशीच्या आत, गाव लिंबागणेशच्या पलीकडे डोंगरपट्ट्यात. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झाले. डॉक्टर म्हणाले, बाई तीन महिन्यांची गरोदर होती, रक्तस्राव झाला, आणि मुळात अंगात रक्तच नव्हते. अशा बाईच्या डोक्यावर उसाची मोळी द्यायला कुणाचे मन कसे धजले, असे त्यांनी मला चिडूनच विचारले.

तिच्या नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक कागद काढला. बीडच्या एका खासगी रुग्णालयाने दिलेला 'कामास योग्य' असा दाखला. हंगामाआधी तोडकरी बायकांची तपासणी व्हावी म्हणून हे रुग्णालय गावोगाव शिबिरे घेत असे. "सिस्टरनी बोट टोचलं, म्हनल्या समदं चांगलं हाय, खुशाल जा," असा त्याने जबाब दिला. बोलताना त्याची मान खाली होती. बायको गेलेल्या माणसाची मान खालीच असायची, असे मी धरून चाललो.

रुग्णालयाचा व्यवस्थापक सभ्य, गोड बोलणारा. त्याने कामाची पद्धत समजावली. रुग्णालयातल्या मोठ्या संगणकावर सगळ्या तपासण्यांचे एक सामाईक फोल्डर होते. डोंगरातल्या गावांत रेंज नसते, म्हणून शिबिराला जाणाऱ्या दोन पथकांचे लॅपटॉप सकाळी त्या फोल्डरची नक्कल घेऊन निघत. दिवसभर नोंदी त्या नकलेत होत. संध्याकाळी लॅपटॉप परत येऊन रुग्णालयाच्या वायफायला जोडला की दोन्हीकडच्या नोंदी आपोआप सारख्या होत. मृत बाईच्या नावापुढे हिमोग्लोबिन अकरा, म्हणजे कामापुरते ठीक, होते, शेरा कोरा होता, आणि तपासणारीच्या रकान्यात या नर्सबाईंचे नाव होते. शवविच्छेदन सांगत होते की रक्त अनेक महिन्यांपासून कमी असणार. मग सरळ अर्थ निघाला: बाईंनी बोट न टोचताच आकडा ठोकून दिला.

नर्सबाई पालीला राहायच्या. मृत्यूची बातमी आली त्याच दिवशी रुग्णालयाने त्यांना फोनवर घरी बसायला सांगितले होते. ठाण्यात बोलावले तेव्हा त्या आपल्याजवळ राहिलेला शिबिराचा लॅपटॉप छातीशी धरूनच आल्या.

"साहेब, मी सहा लिहिलंय. शेऱ्यात लिहिलंय, ऊसतोडीला पाठवू नये, लगेच भरती करावी. माझ्याकडच्या नकलेत अजून तसंच हाय. सकाळीच बघून निघाले. हितंच उघडून दाखवते."

मी नको म्हणालो. मला वाटले, इथे उघडले तर उद्या कोर्टात म्हणतील, पोलिसांनी ठाण्यात बसून काहीतरी केले. त्यापेक्षा रुग्णालयात जाऊ, दोन पंच घेऊ, दोन्ही पडदे शेजारी ठेवू आणि रीतसर पंचनामा करू. आपण फार कायदेशीर वागतोय याचा मला जरा अभिमानही वाटला होता.

रुग्णालयात पंचांसमोर त्यांनी लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात एक छोटे चक्र फिरले आणि थांबले. त्यांनी यादी उघडली, नाव शोधले. तिथे अकरा होते. शेरा कोरा.

बाईंनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग ओरडल्या, "सहा होतं ओ साहेब! सहा होतं! माझ्या लेकराची शपथ!"

व्यवस्थापकाने पाण्याचा ग्लास पुढे केला. "मॅडम फार ताणाखाली आहेत," तो मला हळू आवाजात म्हणाला. मला त्याचे पटले. खोटे उघडे पडले की माणूस शपथा घेतो, हे मी शेकडो वेळा पाहिले होते. निष्काळजीपणे मृत्यूस कारण होणे आणि खोटी नोंद करणे, असा गुन्हा त्यांच्यावर लावला आणि अटक केली. त्यांनी पुन्हा एकदा, अगदी शांतपणे तेच सांगितले. मी ते लिहूनही घेतले नाही.

आठवडाभराने शिबिराच्या गाडीचा ड्रायव्हर ठाण्यात आला. तासभर बाहेरच्या बाकावर बसून होता. आत बोलावले तर उभाच राहिला.

"साहेब, लॅपटॉप दोन हायेत. दुसऱ्या पथकाचा गाडीतून पडून फुटला. मेलेली बाई ज्या गावची, तिथलं शिबिर झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी समद्या नोंदींची नक्कल घिऊन निघाला तवा. तवापासून बीडला दुरुस्तीच्या दुकानात पडलाय. कुणी आनायलाच गेलं न्हाई."

"मग आधी कावून सांगितलं न्हाई बे?"

"नोकरी जाईल म्हून भ्यालो. पन बाई आत हायेत आन मी रोज गाडी पुसत बसलोय. लई वंगाळ वाटतं साहेब."

मी सायबर शाखेतल्या हवालदाराला फोन लावला. त्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "साहेब, पहिला लॅपटॉप रुग्णालयात न्यायलाच नको होता. रेंजमध्ये आला की मोठ्या संगणकावरची नवी नोंद खाली येते, जुनी पुसली जाते. बाईंचा पुरावा तिथंच गेला." तो पुरावा मीच नेऊन पुसून आणला होता.

आता दुसऱ्या लॅपटॉपची मला धास्तीच बसली. हवालदार म्हणत होता की वायफायचे बटण बंद केले तरी भागते. माझा कुठल्याच बटणावर विश्वास उरला नव्हता. दुकानातून तो जप्त केला, दुकानदाराने तो एकदाही नेटला जोडलेला नाही असा जबाब घेतला, आणि त्या हवालदाराला व तलाठी आणि एक शिक्षक अशा दोन पंचांना गाडीत घालून थेट डोंगरावर गेलो. लिंबागणेशच्या पुढे चार जणांचे मोबाइल मुके झाले तेव्हा गाडी थांबवली. भर दुपारी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तो उघडला. निम्मा पडदा काळा होता. उरलेल्या निम्म्यात नाव सापडले.

सहा. 'ऊसतोडीला पाठवू नये, लगेच भरती करावी.'

शिक्षकांनी तो शेरा मोठ्याने वाचला. हवालदाराने नक्कल काढली, लॅपटॉप सीलबंद केला. पंचनामाही त्यानेच लिहिला.

रुग्णालयाच्या संगणकचालकाला समोर बसवले. तो म्हणाला, "सिस्टीम आपोआप करते साहेब." मी दोन्ही याद्या पुढ्यात टाकल्या. "त्या गावच्या सगळ्या बायकांची नोंद जशीच्या तशी. आपोआप फक्त मेलेलीचं रक्त वाढलं?" त्याने याद्या मागे सारल्या. पाणी मागितले आणि बोलायला लागला. दाखले नावांची यादी लावून एकदमच छापले होते, शेऱ्याचा रकाना कुणी पाहिलाच नव्हता. मृत्यूची बातमी येताच व्यवस्थापक त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि सहाचे अकरा करून घेतले, शेराही पुसायला लावला. त्या दोघांना अटक केली, न्यायालयात अहवाल दिला आणि बाई सुटल्या.

नवऱ्याचा पुरवणी जबाब राहिला होता. या वेळी मी त्याला खाली पाहू दिले नाही.

"सिस्टरनी सांगितलं व्हतं साहेब. दोनदा. हात जोडून म्हनल्या, हिला नेऊ नका," तो म्हणाला. "पन एकट्याचा कोयता कोन धरतंय? नवराबायको मिळून एक कोयता. ती न्हाई तर मी बी न्हाई. मंग दाखला आला, त्याच्यावर योग्य लिव्हलं व्हतं. म्हनलं, मोठ्या डाक्टरनं बघितलं आसंल." तो हमसून रडायला लागला. त्याचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही. त्याने कागदावर भरवसा ठेवला होता आणि मीही तेच केले होते.

नंतर मी साध्या कपड्यांत पालीला गेलो. नर्सबाईंनी दारातच उभे केले. माफी मागायची कशी याची मला सवय नव्हती. कसेबसे चार शब्द बोललो.

"साहेब, मी तीनदा सांगितलं," त्या म्हणाल्या. "ठाण्यात सांगितलं, रुग्णालयात सांगितलं, अटक केली तवा सांगितलं. तुमी ऐकलं न्हाई. फुटक्या लॅपटॉपानं एकदा सांगितलं, तर लगेच पटलं."

नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायची वेळ आली की मी त्यांना सांगतो, लॅपटॉप जप्त केला की आधी नेटवर्कपासून तोडा. हे ते चटकन लिहून घेतात. समोरचा माणूस तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असेल तर पेन उचला, हेही सांगतो. ते फारसे कुणी लिहून घेत नाही.

बाईंनी पुन्हा नर्सचे काम केले नाही. हल्ली त्या बीडला एका बांगड्यांच्या दुकानात बसतात. माझ्या सुनेला ते दुकान आवडते. ती आत गेली की मी बाहेर गाडीतच बसून राहतो.