दिशाच्या केसांचा गुंता

मालन शेजवळ घोडबंदर रोडला मालिकेच्या सेटवर हेअर ड्रेसर. सकाळी ठाकुर्लीहून निघायचं, ठाण्याला उतरून बस पकडायची, ट्रॅफिकमध्ये डुलक्या काढायच्या आणि मग दिवसभर दुसऱ्याच्या डोक्यामागे उभं राहायचं. तिने घातलेला अंबाडा मारामारीच्या सीनमध्येही हलायचा नाही.

आणि घरी तिच्याच पोरीच्या डोक्याला कित्येक महिने कंगवा लागला नव्हता.

दिशा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. आधी तिचं कॉलेज सुटलं, मग मैत्रिणी सुटल्या, मग आंघोळही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मालन तेल घेऊन बसली की म्हणायची, "आई, नको ना." बाप राकेश मानपाड्याच्या कारखान्यातून पाळी करून यायचा आणि "तुझ्या लाडानं बसलीय," म्हणून ताट ओढायचा. मानेवरच्या केसांचा गठ्ठा झाला तेव्हा शेजारच्या कांताबाई बघून गेल्या. दाराशी हळूच म्हणाल्या, "देवीची जट आहे गं ही. कात्री लावू नको."

"आमच्यात देवी नाही, कांताबाई," मालन म्हणाली.

पण डॉक्टरचं नाव काढायला तिचीही जीभ रेटत नव्हती. कोणी जरा वेडंवाकडं वागलं की 'ह्याला ठाण्याला पाठवा', म्हणजे तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. स्वतः रोज ठाण्याला जायची, पण पोरीला तिथे न्यायचं म्हटलं की पाय जड व्हायचे.

मग एका रविवारी मेघनाची मुलाखत आली. मेघना मालिकेची नायिका, घराघरात ओळखीची. आदल्या वर्षी ती आजारी पडली म्हणून शूटिंग थांबलं होतं, आणि सगळ्यांना ताप आल्याचं सांगितलं होतं. मुलाखतीत तिने सरळ सांगितलं, ताप नव्हता, डिप्रेशन होतं. "केस धुवायचीसुद्धा ताकद नव्हती. लोक म्हणतात ना, हिला ठाण्याला पाठवा? मी स्वतः गाडी चालवत गेले ठाण्याला. डॉक्टरकडे."

दिशाने ते फोनवर पाहिलं. मालन कांदा चिरत होती.

"आई, केसांचं खरं होतं?"

मालनचा हात थांबला. ही गोष्ट तिने आजवर कोणालाच सांगितली नव्हती. मेघना सेटवर परतली त्या दिवशी मेकअप रूमची कडी लावून तिचा गुंता मालननेच सोडवला होता. पण आता बाईच जगासमोर बोलली होती.

"खरं होतं. मीच सोडवला."

"तू तिला ओरडलीस?"

"नाही."

"मला ओरडतेस."

मालन सुरी ठेवून लेकीजवळ जाऊन बसली. दिशाच म्हणाली, "माझे सुटणार नाहीत आता. काप."

मालनने मानेपर्यंत केस कापले. त्याच आठवड्यात सुट्टी टाकून ती दिशाला ठाण्याच्या त्याच सरकारी इस्पितळाच्या ओपीडीत घेऊन गेली. रांग लांब होती, पण रांगेत सगळी आपल्यासारखीच माणसं होती. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, म्हणाल्या, "लगेच फरक दिसणार नाही. सोडू नका." राकेशने गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. पुढच्या वेळी औषध संपायच्या आत त्यानेच आणून ठेवलं.

सेटवर मालनने मेघनाला हे सांगितलं. मेघनाचे डोळे भरून आले. ती मुलाखतीचा पुढचा भाग करत होती. "मालनताई, तुम्ही दोघी या ना. तुमचं ऐकून किती जणींना धीर येईल."

दिशा नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी मालनने अंबाडा घालता घालता सांगितलं, "मॅडम, तुम्ही बोललात म्हणून माझी पोर उठली. ते मी विसरणार नाही. पण तिला नाही बोलायचं. आणि मला विचाराल तर मला फक्त झोपायचंय."

मेघनाने आरशात तिच्याकडे पाहिलं. "बरोबर आहे. परत नाही विचारणार," म्हणाली, आणि तो शब्द तिने पाळला.

दिशा सुधारली, पण रडतखडत. ठाकुर्लीत एका झेरॉक्सच्या दुकानात अर्धा दिवस बसू लागली. काही सकाळी उठायचीच नाही. मग मालनच दुकानात फोन करायची, डबा भरायची, बस गाठायची.

एकदा ओपीडीत डॉक्टरीणबाईंनी दिशाचं झाल्यावर मालनकडे मान वळवली. "आणि आई, तुम्ही कशा आहात?"

एवढ्या दिवसांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मालन म्हणाली, "मी काय, उभी आहे."

"पुढच्या वेळी तुमच्यासाठी या."

पण शूटिंग लागलं आणि सुट्टी मिळेना. मालन दोनदा गेलीच नाही. तिसऱ्या वेळी दिशाच तयार होऊन दारात उभी राहिली, "चल, आज तुझ्यासाठी जायचंय." वाटेत मालन बसमध्ये तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. दिशाने स्टॉप आल्यावरच तिला उठवलं.