काम उरकून मग जा

बाइंडरना वाचनाची आवड होती असं म्हणता येणार नाही. ते फक्त फाटलेली पानं वाचत. शाळेच्या ग्रंथालयातून पुस्तक दुरुस्तीला आलं की फाटलेलं पान पातळ कागदाने सांधायचं आणि सांधता सांधता वाचून काढायचं, एवढंच त्यांचं वाचन.

"न फाटलेली वाचायला आयुष्य कुठंय, मास्तर?" असं म्हणायचे.

त्यामुळे पुष्कळ पुस्तकांचे मधलेच भाग त्यांना ठाऊक होते. राजा मेला हे माहीत असायचं, कशाने मेला ते नाही. मग मला विचारायचे. मलाही माहीत नसलं की खूश व्हायचे.

ग्रंथालयाचं काम माझ्याकडे आलं त्या वर्षी मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीत गेलो. शब्दकोशाच्या सहा प्रती घेऊन गेलो होतो. त्यांनी एकेक चाळून पाहिली आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "सहाही प्रतींतलं एकच पान फाटलंय. तुमची मुलं अभ्यासू आहेत. कुठले शब्द शोधत होती ते मात्र मला विचारू नका."

तिथून आमची ओळख वाढली. दर शुक्रवारी दुपारी शाळा सुटली की मी तिकडे जाऊ लागलो. निवृत्त झाल्यावर दुरुस्तीला न्यायला पुस्तकं उरली नाहीत, तरी शुक्रवार चुकला नाही. अशी बारा वर्षं गेली.

खोली रस्त्याच्या पातळीपेक्षा दोन पायऱ्या खाली होती. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर दाभण, सुया, मेणाचा तुकडा, पुठ्ठे. कोपऱ्यात खळीचं पातेलं. पानांच्या लहान लहान जुड्या करून, त्यांना ते जुज म्हणत, एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवायच्या आणि मग पाठीला खळ लावायची, असं ते काम. खळ लावताना बोलायचं नाही हा त्यांचा नियम होता. तेवढ्या वेळात खळ सुकते आणि पाठ वाकडी बसते. शिवताना मात्र हात आपोआप चालायचे आणि तोंड मोकळं असायचं. एक जाड पुस्तक शिवून होईपर्यंत आमचा एखादा मोठा प्रश्न पुरायचा.

प्रश्न त्यांचेच असायचे. माणूस चांगला वागतो तो चांगुलपणाने की भीतीने? हेच आयुष्य पुन्हा दिलं तर घ्याल का? मेलेल्याला आपण मेलो हे कळत असेल का? मी शिक्षक, मला उत्तरं देण्याची खोड. पण तिथे ठोकून दिलेलं चालत नसे. "हे पुस्तकातलं झालं. तुमचं काय ते सांगा," असं म्हणून ते दोरा ओढत आणि वाट बघत. स्वतःच्या बायकोला जे कधी सांगितलं नाही ते मी त्या खोलीत सांगितलं आहे. त्यांनीही सांगितलं आहे.

वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा ठेवताना म्हणायच्या, "आज लागला का देवाचा निकाल? आहे की नाही ते एकदाचं ठरवा आणि कप रिकामे करून द्या."

एकदा मी विचारलं होतं, मरणाची भीती वाटते का?

"मरणाची नाही वाटत," ते म्हणाले. "त्याच्याआधी सगळे माझ्याशी गोड बोलायला लागतील, त्याची वाटते."

याला कारण होतं. त्यांची एक थोरली बहीण होती, दूरच्या गावी, इथून दीड दिवसाच्या प्रवासावर. आई तिच्याकडे असायची. आईचं दुखणं बळावलं तेव्हा बाइंडरकडे एका कचेरीच्या जुन्या दफ्तरांचं मोठं काम चालू होतं. ताईने कळवलं, आई बरी आहे, तू काम उरकून ये. ते काम उरकून गेले तेव्हा आई जाऊन दोन दिवस झाले होते. त्या दिवसापासून चौदा वर्षं ते ताईशी बोलले नव्हते. तिची पत्रं आली की न फोडता एका पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवायचे.

यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ते वाळायला लागले. सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटून उभी राहायची. जेवण जाईना. मुलगा तपासणीला घेऊन गेला. तो माझा विद्यार्थी. वर्गात कधी मान वर न करणारा. चार दिवसांनी तो माझ्या घरी आला आणि खुर्चीत न बसता उभ्या उभ्याच म्हणाला, "सर, डॉक्टर म्हणाले, फार तर दोन महिने. बाबांना आम्ही पोटात जखम आहे असं सांगितलंय. औषधाने भरेल म्हणून. ते तुम्हाला विचारतील. दुसऱ्या कुणाचं त्यांना पटत नाही. तुम्ही सांभाळून घ्या."

मी हो म्हणालो. त्याने माझ्यावर काही सक्ती केली नव्हती. बाबांना कळलं तर आईला ते सोसणार नाही, असं तो म्हणाला आणि ते मला पटलं. एवढं पटायला नको होतं.

त्या शुक्रवारी गेलो तेव्हा टेबलावर शाळेच्या हजेरीपटांचा ढीग होता. शाळा उघडायला सहा आठवडे होते आणि हा त्यांच्या कामाचा हंगाम. थोडा वेळ शिवत राहिले. मग त्यांनी सुई खाली ठेवली. बोलण्यासाठी त्यांनी सुई खाली ठेवलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

"मास्तर, ताईकडे जाऊन यावं म्हणतो."

मी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"पत्रं वाचली सगळी. चौदा वर्षांची. तीन दिवस लागले. ती दर पत्रात तेच लिहिते, की सांगायला तोंड उघडलं नाही. मी म्हणायचो, तोंड न उघडायला काय झालं होतं? आता वाटतं, नसेल उघडलं. तिला म्हणावं, राग गेला माझा. पत्रात नाही, समोर बसून."

"चांगलं आहे की," मी म्हणालो.

"पण प्रश्न असा आहे," त्यांनी हजेरीपटांकडे बोट केलं, "की आधी जाऊ, का हे उरकून जाऊ? हे टाकून गेलो तर शाळेवाले दुसरा माणूस बघतील. पोराला विचारलं तर तो भिंतीकडे बघून बोलतो. म्हणून तुम्हाला विचारतो. माझ्याकडे वेळ आहे का? खरं सांगा."

खिडकीतून कुणाचे तरी पाय गेले. मग आणखी कुणाचे. बारा वर्षं आम्ही दोघांनी मरणाचा कीस काढला होता आणि मला एक वाक्य बोलता येईना.

मी म्हणालो, "काम उरकून मग जा. घाई काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे वळवले नाहीत. वर्गात चाळीस वर्षं उभं राहिल्यावर तेवढं जमतं.

"बरं," ते म्हणाले आणि सुई उचलली. चेहरा एकदम सैल झाला. वर घराच्या दिशेला तोंड करून ओरडले, "अगं, मास्तर म्हणतात घाई नाही! चहात साखर घाल जरा!"

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी एकदाही खोटं बोललो नव्हतो, त्यानेच घात केला.

पुढचे दोन शुक्रवार ते मजेत होते. ताईसाठी एक कोरी वही बांधायला घेतली होती. तिसऱ्या शुक्रवारी खोलीला कुलूप होतं. वरच्या घरात ते पलंगावर होते आणि त्यांना उठून बसता येत नव्हतं. मी मुलाला सांगून ताईला तार पाठवली आणि त्यांच्याजवळ बसलो. दुखण्यावरच्या औषधाने डोळे मिटत होते. मधेच त्यांनी ते उघडले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

ते छताकडे बघू लागले. मग म्हणाले, "तर मग मला..."

पुढचे शब्द आले नाहीत. डोळा लागला. त्यानंतर ते शुद्धीवर असे आलेच नाहीत.

ताई तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, हातात एकच पिशवी. दोन दिवस त्या त्यांचा हात धरून बसल्या होत्या. त्यानंतरच्या सकाळी ते गेले.

आठवड्याने वहिनींनी मला बोलावलं. राहिलेले हजेरीपट शाळेला परत करायचे होते. मी खाली गेलो तर ताई टेबलाशी बसल्या होत्या.

"तुम्हीच ना मास्तर?" त्या म्हणाल्या. "वहिनी म्हणते, तो तुमच्याशी सगळं बोलायचा. माझ्याबद्दल काही बोलला का कधी?"

"तुमच्याकडे यायला निघाले होते, राग गेला म्हणून सांगायला," एवढं बोलून मला थांबता आलं असतं. मी तेवढं बोललो. मग बाकीचंही सांगितलं. त्यांनी मला काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं ते, शब्दाला शब्द.

ताई ऐकत होत्या. बोटांनी टेबलावरचा वाळलेल्या खळीचा पापुद्रा खरवडत होत्या.

"म्हणजे तो आला असता."

"हो."

"त्याच आठवड्यात."

"हो."

"माझं सगळं ठाऊक असून तुम्ही तेच केलंत?"

"हो."

"का पण?"

"माहीत नाही, ताई. खरंच माहीत नाही."

त्या मान हलवत राहिल्या. "मी चौदा वर्षं शोधतेय," त्या म्हणाल्या. "मलाही नाही सापडलं. पण म्हणून मी तुम्हाला माफबिफ करेन असं समजू नका."

"नाही समजत."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "जाताना तुमच्यावर रागावला होता का?"

इथे काहीतरी गोड बोलणं अगदी सोपं होतं. त्यांच्यासाठीही आणि माझ्यासाठीही.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "काहीतरी म्हणत होते. वाक्य पुरं झालं नाही."

तेव्हा त्या रडल्या. आल्यापासून त्या रडल्या नव्हत्या, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं. मी टेबलाच्या अलीकडे बसून राहिलो. त्यांनी मला जा म्हटलं नाही.